घरातून पळालेली दक्षिणी बाई

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी चहाबरोबर खून वाचले जायचे.

ग्वाल्हेरला इंदरगंजच्या चौकाजवळच्या एका छापखान्यातून एक हिंदी साप्ताहिक निघायचं. बाबा ऑफिसातून येताना सायकलच्या कॅरियरला लावून ते घेऊन यायचे. त्यात एका निवृत्त पोलीस इन्स्पेक्टरांची लेखमाला चालू होती. एकट्यादुकट्या प्रवास करणाऱ्या बायकांना मारणाऱ्या एका माणसाचा त्यांनी कसा माग काढला, त्याची ती हकिकत. सगळी खरी. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. माझं शिक्षण हिंदीत झालेलं आणि आवाज खणखणीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. बाबा आरामखुर्चीत, आई पाटावर भाजी निवडत, आणि मी दाराजवळच्या उजेडात.

तो माणूस तीर्थक्षेत्रातल्या पंड्याच्या वेषात असायचा. कपाळाला गंध, हातात पितळी लोटा, आणि ज्याच्या त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलण्याची हातोटी. स्टेशनावर एकटी बाई दिसली की तिच्या डब्यात बसायचा. आईची, देवाची, गावाची विचारपूस करायचा. मधल्या एखाद्या छोट्या स्टेशनावर फार जागृत देवस्थान आहे, दर्शन घेऊन पुढच्या गाडीनं जाता येतं, असं सांगून उतरवून घ्यायचा. मग प्रसादाचा पेढा द्यायचा. पेढ्यात धोत्र्याचं बी वाटून घातलेलं असायचं.

तो इतकी वर्षं सापडला नाही, कारण त्याला हद्दी पाठ होत्या. बाई गाडीत चढायची ती इंग्रजी मुलखात, मरायची एका संस्थानाच्या हद्दीत, आणि तिचे दागिने विकले जायचे दुसऱ्याच संस्थानातल्या सराफाकडे. एका ठिकाणी हरवल्याची तक्रार, दुसऱ्या ठिकाणी बेवारस प्रेत, तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. शिपायांचा माग हद्दीच्या दगडापाशी संपायचा. संस्थानं विलीन झाली, सगळीकडचे अधिकारी एका टेबलाशी बसायला लागले, आणि गप्पांच्या ओघात त्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळे एकाच माणसाबद्दल बोलतो आहोत.

हा भाग बाबांना फार आवडायचा. ते स्वतः संस्थानी नोकरीत लागलेले. विलीनीकरणानंतर मध्यभारत राज्याचे नोकर झाले. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं, तेव्हा बाबाही फायलींच्या पेट्यांबरोबर हिंडायचे. आणि आता नवा मध्यप्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला जायची ठरली होती. आम्ही राहायचो त्या लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात तेव्हा एकच विषय होता: कोण जाणार, कोण राहणार. बाबांचं जाणं नक्की होतं. ग्वाल्हेरचं महत्त्व जाणार म्हणून ते हळहळायचे, पण गुरुवारी संध्याकाळी मात्र म्हणायचे, "बघ, हद्दी गेल्या म्हणून तर हा सापडला. काहीतरी भलं झालंच ना!"

मला त्या लेखमालेची ओढ लागली होती. वर्गातल्या मुलींना मी शुक्रवारी सगळं रंगवून सांगायची. तो कसा बोलला, कसा निसटला, इन्स्पेक्टरांनी कुठला धागा पकडला. ज्या बायका मेल्या त्या लेखात नुसत्या पहिली, दुसरी, तिसरी अशा यायच्या. कुणाची ओळख पटलेली असली तरी कुटुंबाच्या अब्रूसाठी नाव दिलेलं नसायचं. मी त्यांच्यावरून भराभर पुढे जायची, कारण गोष्ट त्याची होती.

श्रावणातल्या एका गुरुवारी मी अशीच वाचत होते. नदीच्या अलीकडचं एक छोटं स्टेशन, रुळांपासून दूर करवंदीच्या जाळीत गुराख्यांना सापडलेलं प्रेत. पुढे लिहिलं होतं, की लुगड्यावरून बाई दक्षिणी दिसत होती. आमच्याकडे हिंदी बोलणारे लोक आम्हा मराठ्यांना, बामणांना, सगळ्यांनाच दक्षिणी म्हणत. ‘शायद घर से भागी हुई कोई दक्षिणी विधवा. बाएँ हाथ पर तुलसी-वृंदावन का गोदना, जो अधूरा छूटा हुआ था.’

मी पुढचं वाक्य सुरू केलं.

"रुक," आई म्हणाली. "परत वाच."

मी परत वाचलं. आईच्या हातात गवारीची शेंग होती. ती तिनं मोडली नाही, खालीही ठेवली नाही.

"अर्धवट म्हणजे कसं? लिहिलंय का?"

"नाही. अधूरा एवढंच आहे."

"खालची पायरी नसेल," आई म्हणाली. "गोंदणारीण खालची पायरी काढायला लागली आणि ताईनं हात हिसकून घेतला. पळत जाऊन कोठीत लपली. मी होते तिथं."

बाबा खुर्चीत सरळ बसले. आईला एक मोठी बहीण होती हे मला माहीत होतं, पण तिच्याबद्दल विचारायचं नाही हेही माहीत होतं. त्या संध्याकाळी आईनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. बाबांनाही त्यातलं निम्मंच ठाऊक होतं.

मावशी झाशीला दिलेली. लग्नानंतर लवकरच विधवा झाली. सासरी दिराच्या संसारात राबत होती. कुणाच्या तरी लग्नात दोघी बहिणी भेटल्या, तेव्हा आईनं तिला सांगितलं, की लष्करच्या जनाना हॉस्पिटलात बायकांना नर्सिंग शिकवतात, राहायची सोयही आहे, तू ये. आईनं तिथल्या मोठ्या बाईंना भेटून ठरवूनही टाकलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होते. ठरल्या दिवशी मला शेजारी ठेवून आई स्टेशनावर गेली. गाडी आली, मावशी आली नाही. पुढची गाडी आली, तिच्यातही नव्हती. सासरहून निरोप आला तो असा, की तुमची मुलगी आपल्या पाटल्या घेऊन कुणाचा तरी हात धरून गेली.

आईचे वडील, आमचे आप्पा, जुन्या दरबारी पुराणिकांच्या घराण्यातले. त्यांनी त्या निरोपावर विश्वास ठेवला. घरात मावशीचं नाव घ्यायचं बंद झालं. आई काय सांगत होती, हॉस्पिटलचं, नोकरीचं, ते कुणी ऐकून घेतलं नाही. उलट तूच तिच्या डोक्यात भरवलंस, असं झालं.

"मी इतकी वर्षं म्हणत होते, ती माझ्याकडे यायला निघाली होती," आई म्हणाली. "आणि हा माणूसही तेच लिहितो. पळालेली."

बाबा हलकेच म्हणाले, "अगं, ती तीच असेल कशावरून?"

"ते मी विचारून घेते. तुम्ही फक्त भोपाळचं बघा. हे झाल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन आप्पांकडे गेली. आप्पा दोन गल्ल्या सोडून मामांकडे राहायचे. जपाची माळ ओढत बसले होते. आईनं सगळं सांगितलं. त्यांनी माळ थांबवली नाही.

"पेपरवाले काय वाटेल ते छापतात. गेली ती गेली. तो विषय माझ्यापुढे काढू नकोस."

"आप्पा, गोंदणाचं..."

"काढू नकोस म्हटलं ना?"

आई उठली. दाराबाहेर आल्यावर तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल, इंदरगंजला."

छापखान्यात शाईचा वास आणि मशीनची धडधड. संपादकांना वाटलं, कुणी बाई बीभत्स मजकुराची तक्रार घेऊन आली आहे. ते आधीच हात जोडून उभे राहिले. आईनं लेखकाचा पत्ता मागितला. त्यांनी तो द्यायला नकार दिला. लेखकांना आधीच लोक फार त्रास देतात, म्हणाले.

"ठीक है," आई म्हणाली आणि कागदाच्या गठ्ठ्यांमधल्या बाकावर बसली. "मैं बैठी हूँ. आप अपना काम कीजिए."

ते खरंच काम करायला लागले. आम्ही बसून राहिलो. कंपोझिटर अक्षरं जुळवताना मधूनमधून आमच्याकडे बघायचे. आई इकडेतिकडे बघत नव्हती, पुटपुटत नव्हती, डोळे पुसत नव्हती. दुपारची सुट्टी झाली, लोक डबे खाऊन परत आले. शेवटी संपादक स्वतः पाण्याचे पेले घेऊन आले आणि विचारलं, "बहनजी, बात क्या है?"

"उसमें जो दक्षिणी स्त्री है, वो मेरी बहन है."

त्यांनी पत्ता सांगितला, आणि रस्ता चुकू नये म्हणून शहरापलीकडच्या मुरारला कुठल्या पेठेतून आत वळायचं तेही समजावलं.

मुरारला आम्ही रविवारी गेलो. बाबाही आले. त्यांना यायचं नव्हतं, पण आईला एकटीला जाऊ देणंही पटत नव्हतं. छावणी मागे पडल्यावर एका बसक्या घरापाशी उतरलो. इन्स्पेक्टर व्हरांड्यात खुर्चीची बैठक वेतानं विणत बसले होते. इतक्या गुरुवारांच्या वाचनातून मी त्यांना उंच, भारदस्त करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते ठेंगणे, गुडघेदुखीनं वाकलेले म्हातारे गृहस्थ निघाले. संस्थानी नोकरीत मराठी अधिकाऱ्यांच्या हाताखाली वर्षं गेलेली, त्यामुळे त्यांना मराठी समजायचं, बोलायचे मात्र बहुतेक हिंदीत.

आईचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "देखिए, गोदने की बात तो मैंने छाप दी. वो पढ़कर कोई भी आ सकता है. पंचनाम्यात अजून एक खूण होती, ती मी लिहिलेली नाही. ती तुम्ही सांगा."

शेवटची दोन वाक्यं त्यांनी मराठीत, अडखळत उच्चारली. बाबांनी आईकडे पाहिलं. मला भीती वाटली, की आईला आठवणार नाही.

"उजव्या कानाची पाळी," आई म्हणाली. "फाटलेली. लहानपणी मीच बाळी ओढली होती तिची, खेळताना. शिवली, पण नीट जुळली नाही."

इन्स्पेक्टरांनी हातातला वेत खाली ठेवला आणि होकारार्थी मान हलवली. आतून त्यांच्या पत्नीनं पाणी पाठवलं. आईनं पेला उचलला नाही.

"तिला फार त्रास झाला का?"

हा प्रश्न त्यांना आवडला नसावा. ते अंगणाकडे बघायला लागले. मग म्हणाले, की पकडल्यानंतर तो माणूस सगळ्या बायकांबद्दल एकसुरी बोलायचा, बाजारहाट सांगावा तसा. फक्त हिच्याबद्दल चिडून बोलायचा. हिनं पेढा खाल्ला नाही. निर्जळी एकादशी आहे, म्हणाली, उद्या पारणं फेडताना खाईन, आणि पदराला बांधून ठेवला. मग वाटेत तिला काहीतरी खटकलं आणि ती स्टेशनाकडे परत फिरली. त्यानं अडवलं. तिनं त्याच्या अंगठ्याचा असा चावा घेतला, की तो पुढे चिघळला आणि अंगठा कायमचा वाकडा झाला.

"आणि बाईसाहेब," ते म्हणाले, "त्यानंतरच्या प्रत्येक ठिकाणी, जिथे कुणी त्याला पाहिलं होतं, सराफ असो, धर्मशाळेचा चौकीदार असो, एकच गोष्ट सांगायचे. टेढ़ा अँगूठा. सगळे जमले तेव्हा त्या अंगठ्यावरूनच तर माणूस एक आहे हे कळलं. आपकी बहन न होती तो हम उस तक न पहुँचते."

मी आईकडे पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा घट्ट झाला होता.

"हे तुम्ही लिहिलं नाही," ती म्हणाली. "अंगठा वाकडा होता एवढंच लिहिलंत. का?"

"एक स्त्री के बारे में ऐसा लिखना... मर्द को दाँत से काटना... घरवालों को शायद अच्छा न लगता."

"आणि घरातून पळाली, हे लिहायला बरं वाटलं?"

बाबा जागच्या जागी चुळबुळले. आईच पुढे बोलली, आवाज न चढवता. "ती नर्सिंग शिकायला निघाली होती. मी बोलावलं होतं. मी स्टेशनावर उभी होते. कुणाबरोबर पळाली नव्हती, कुणापासून पळाली नव्हती. तुम्ही न विचारता ‘शायद’ लिहिलंत. तो शब्द मागे घ्या. आणि बाकीचंही लिहा. जसं झालं तसं."

"नाम भी?"

आईनं बाबांकडे पाहिलं नाही. "हो. नावही."

ते म्हणाले, की विचार करून कळवतो. आई म्हणाली, की विचार करायला तिची हरकत नाही, पण ती पुढच्या रविवारी परत येईल. बाबा तांग्यात बसल्यावर म्हणाले, "एवढं कडक बोलायला नको होतं." आई म्हणाली, "मी कडक बोलले? मी सांगितलं."

तिला परत जावं लागलं नाही. पुढच्याच अंकात लेखमालेच्या सुरुवातीला इन्स्पेक्टरांनी लिहिलं, की मागच्या एका प्रकरणात आपल्याकडून एका मृत स्त्रीवर अन्याय झाला आहे. मग त्यांनी सगळं लिहिलं: हॉस्पिटल, एकादशी, चावा, अंगठा. मावशीचं नाव माहेरच्या आडनावासकट छापलं. मी ते नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. तोवर ते मी कुणाच्या तोंडूनही मोकळेपणानं ऐकलं नव्हतं.

आई अंक घेऊन आप्पांकडे गेली. मला पुढे बसवलं. "वाच. मोठ्यानं."

मामा दारात येऊन उभे राहिले. आप्पांनी उठून जायचा प्रयत्न केला, पण आई दार आणि त्यांच्यामध्ये बसली होती. मी वाचत गेले. संपल्यावर आप्पांच्या हातातली माळ तशीच लोंबत होती.

"एकादशी होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मोडली नाही तिनं?" त्यांनी माळ कपाळाला लावली. "निर्मळ गेली पोर. निर्मळच गेली."

मला वाटलं, झालं. पण आईला ते पुरेसं नव्हतं.

"आप्पा, एकादशी नसती आणि तिनं पेढा खाल्ला असता, तरी ती पळालेली नव्हती. माझं म्हणणं तुम्ही तेव्हा ऐकलं नाहीत. आज पेपरातलं ऐकताय."

असं आप्पांशी कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मामा आईला गप्प करायला पुढे झाले, तर आप्पांनीच हातानं त्यांना थांबवलं. मग ते खूप वेळ रडले, तोंडावर उपरणं धरून. आई जवळ जाऊन बसली, पण आपलं वाक्य तिनं मागे घेतलं नाही.

पितृपक्ष जवळ आला होता. घात होऊन गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. आप्पांनी ते स्वतः करायचं ठरवलं. संकल्प सांगताना ते गोत्रापाशी अडले. लग्न झालेल्या मुलीला सासरचं गोत्र लागतं, हे त्यांनीच आयुष्यभर लोकांना सांगितलेलं. भटजी वाट बघत होते.

"आपलं म्हणा," आई मागून म्हणाली.

"शास्त्रात बसत नाही."

"त्यांनी तिला टाकली, आप्पा. तुम्ही पण टाकणार का परत?"

आप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी आपल्या गोत्रासह तिचं नाव घेतलं, तीनदा, खणखणीत आवाजात. दरबारात पुराण सांगताना त्यांचा आवाज असाच असायचा म्हणे. झाशीला निरोप पाठवला होता, तिकडून कुणी आलं नाही. आईनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

लेखमालेचे आणखी काही भाग राहिले होते. मला आता ते वाचवत नव्हते. मी बाबांना म्हटलं, तुम्ही वाचा. आई म्हणाली, "नाही, तूच वाच. आणि घाई करू नकोस." तो माणूस एका मेळ्यात, पुरी-भाजीच्या दुकानापुढे पकडला गेला, तो भाग आम्ही भाद्रपदाच्या शेवटी वाचला. त्याला फाशी झाली, तो भाग त्यापुढच्या आठवड्यात. पण मध्ये कुठे एखाद्या बाईचा उल्लेख आला, की आई थांबवायची आणि विचारायची, "ही कुठली? हिचं कुणी आहे की नाही? लिहिलंय का काही?" बहुतेक वेळा काही लिहिलेलं नसायचं. तरी ती विचारायची. मी अजूनही अशी पुस्तकं वाचते, पुष्कळ वाचते, आणि तिथं आले की माझी गती आपोआप मंदावते.

दिवाळीच्या सुमारास आम्ही ग्वाल्हेर सोडलं. सामान मालगाडीनं पुढे गेलं होतं. आम्ही दिवसाच्या पॅसेंजरनं निघालो, ती प्रत्येक लहान स्टेशनावर थांबणारी. मी खिडकीशी बसून नदी कधी येते ते बघत होते. आई बघत नव्हती. तिच्या समोरच्या बाकावर ट्रंकेवर हात ठेवून एक तरुण बाई एकटीच बसली होती, आणि आई तिची चौकशी करत होती.

"कहाँ जाना है? लेने कौन आएगा?"

भोपाळला, ती म्हणाली, भाऊ येणार आहे. शाळेत नोकरी लागली आहे.

भोपाळला उतरलो तेव्हा भाऊ आलेला नव्हता. बाबा दमले होते, हमाल ओरडत होते, नवं घर कुठे आहे हेही अजून धड ठाऊक नव्हतं. आई त्या बाईच्या ट्रंकेशेजारी आपल्या वळकटीवर बसली आणि बाबांना म्हणाली, "अहो, तुम्ही पाणी घेऊन या. तिचा भाऊ येईपर्यंत आपण इथंच आहोत."

भाऊ आला, धापा टाकत, सायकल पंक्चर झाली म्हणत. आईनं त्याला नाव-गाव विचारलं, बाईला विचारलं, "यही है?" आणि तिनं हो म्हटल्यावर मगच ती उठली.